तुझ्या बाबांचं होकायंत्र

एल्को, नेवाडा
एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय नेरेया,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. आईला काय झालं, फोन मोडला का? फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू मला तीनच गोष्टी सांगतेस: ठीक आहे, बघू, आणि आता दवाखान्यात पेशंट आलेत. बॉइझीतल्या लोकांचे दात इतके किडलेत की माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर तुझ्यासमोर कुणीतरी गाल धरून उभं असतंच. म्हणून म्हटलं, लिहून पाठवावं. कागद मधेच ठेवून दिलास तरी उरलेलं त्यावर राहतं.

आज मला सुट्टी आहे आणि सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. ओटा पुसून झाला, परत पुसला. कॉफी केली, ती कुठे ठेवली ते विसरले, दुसरी केली. पहिली नंतर धुण्याच्या मशीनवर सापडली. शाबी मामा खानावळीतून बीन्सचं सूप घेऊन आला होता. दारातच उभा राहून माझ्याकडे बघत म्हणाला की तुझ्या अंगात मुंग्या शिरल्यात का, बस की जरा. त्याला काय सांगू? त्याला सगळं माहीत आहे, तुलाच माहीत नाही. ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या मुंग्या जाणार नाहीत. एक गोष्ट जूनच्या आत ठरायला हवी आहे आणि ती तुझ्या हातात आहे. तिथे मी येतेच आहे, पण मला सरळ चालता येत नाही हे तुला ठाऊक आहे. वळणं घेतच येणार.

आधी इकडचं सांगते. रूबी डोंगरांवर अजून बर्फ आहे, खाली मात्र नुसता चिखल. मामाने नवा आचारी ठेवला आणि त्याने चोरिसो सॉसेजमध्ये लसूण कमी केला. त्यावरून मेंढपाळांच्या त्या लांब टेबलावर असा गदारोळ झाला की आचारी दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आता मामा स्वतःच भट्टीपुढे उभा असतो आणि सगळ्या जगावर चिडलेला असतो. खाणीवरचा माझा डंपर नेहमीसारखाच, खड्ड्यातून वर, वरून खड्ड्यात. मात्र एक फरक पडलाय. पूर्वी मागे काय भरलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आता यांत्रिक फावड्याने माल ओतला की मी आरशात बघते आणि मनात म्हणते, हा चुनखडक, हा शेल म्हणजे चिखलाचा दगड, आणि हा काळपट गंजलेला तो महत्त्वाचा. फोरमन म्हणाला, लोरेया, तू हल्ली हसतेस काय एकटीच?

तर आता ऐक. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन आला तर मी उचलायचे नाही आणि नंतर सांगायचे की मामाच्या खानावळीत हात लावायला गेले होते. ते खोटं होतं. मी कॉलेजात असायचे. आपल्याच कम्युनिटी कॉलेजात, त्याच भूशास्त्राच्या खोलीत, खिडकीजवळच्या त्याच बाकावर, जिथे गरम पाण्याचा पाइप मधूनमधून ठोके देतो. बाकाच्या खालच्या बाजूला तू चघळलेला च्युइंग गम चिकटवलायस, तोही मला सापडला. गुलाबी होता म्हणजे तुझाच. दोन वर्षं होत आली मला तिथे. आता म्हण काय म्हणायचं ते.

मी शिकायला गेले नव्हते हे आधी सांगते. मी भांडायला गेले होते. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तू वर्गाबरोबर डोंगराच्या त्या सॉयर धारेवरून नकाशा करून परत आलीस, बूट गॅरेजमध्ये काढलेस आणि आत येऊन म्हणालीस, मला हे जमत नाही. बास. पुढे एक अक्षर नाही. पंधरवड्यात बॉइझीला गेलीससुद्धा. मी विचारलं तर तेच, जमत नाही. अगं, जी मुलगी शाळेत जायच्या आधी आपल्या अंगणातली खडी रंगाप्रमाणे वेगळी करून ओळीने लावायची, आणि कुणी पाय लावला तर घर डोक्यावर घ्यायची, तिला दगड जमत नाहीत? बाबा गेल्यानंतर वर्षभर तू फक्त त्या वर्गाला जाताना जेवायचीस. घरी ताट तसंच राहायचं. आणि तेच तू सोडलंस. मला वाटलं, त्या वर्गात नक्की कुणीतरी तुला चावलंय. कोण ते बघावं आणि त्याला चांगलं सुनवावं, म्हणून मी नाव घातलं.

नाव घालायला गेले तर सल्ला देणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं ध्येय काय? मी म्हटलं, कारण शोधणं. त्यांनी सरळ कागदावर खूण केली, पुढे विद्यापीठात जाणार. मग त्यांनी मला तो सगळा रस्ता समजावून सांगितला, जो तुला पाठ होता आणि मी कधी नीट ऐकला नव्हता. इथे दोन वर्षं ठरावीक विषय पुरे केले की रीनोचं विद्यापीठ थेट तिसऱ्या वर्षाला घेतं. करार आहे दोघांचा. यादीतला एक जरी विषय राहिला तरी दार बंद. आणि फीसाठी आपल्या दगडवाल्या म्हाताऱ्यांच्या क्लबाची शिष्यवृत्ती, दर वर्षी एकालाच. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, बाई, मी दोन आठवड्यांत भांडण उरकून घरी जाणार आहे.

भांडायला माणूस सापडला तो टॉलिव्हर सर. काडीसारखा बारीक, बाहीवर कॉफीचे डाग, बोलताना छताकडे बघतो. पहिल्याच दिवशी त्याने प्रत्येकाच्या हातात एक दगड दिला आणि म्हणाला, चाटा. मी म्हटलं, हा माणूस वेडा आहे, माझं काम सोपं झालं. पण चाटल्यावर त्या धुरकट दगडात बारीक बारीक शिंपले उमटले, आणि मी वर बघेपर्यंत तास संपला होता. पुढच्या खेपेला त्याने चिखलाच्या दगडाचा तुकडा दाताखाली धरायला लावला. कचकचला तर गाळ, लोण्यासारखा लागला तर चिकणमाती. मी घरी येऊन मामाला ते करून दाखवलं. तो म्हणाला, बाई गं, माझ्या खानावळीत फुकट जेवण असताना तू रस्ता खायला लागलीस? तेव्हापासून मी गेले की तो माझ्या ताटाशेजारी एक खडा ठेवतो, तोंडी लावायला म्हणून.

भांडण राहूनच गेलं. रागही करायला वेळ लागतो आणि मला गणिताने भंडावून सोडलं होतं. तुला माहीत आहे, मी शाळा सोडली तेव्हा तू पोटात होतीस. अपूर्णांकापाशी माझं गाडं अडलं ते अडलंच. शेवटी क्रूझ नावाच्या मुलाने मला शिकवलं. टायरच्या दुकानात काम करतो, तुझ्याहून लहान, आणि मला काकू म्हणतो. नटबोल्टांची मापं पुढ्यात ठेवून त्याने मला अपूर्णांक समजावले. रसायनशास्त्रात काठावर पास झाले तेव्हा वर्गातल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं. माझं वजन बघून बेत रद्द झाला.

पण जे शोधायला गेले होते ते काही मिळेना. तुझ्याबद्दल सरांना विचारायचं धाडस व्हायचं नाही. मी तुझी आई आहे हे त्यांना आडनावावरून कळलं असणार, तरी तेही काही बोलायचे नाहीत. दोघंही दगडांवर बोलायचो. एकदा फक्त ते म्हणाले की नेरेयाचा बाक तुम्ही बरोबर ओळखलात. मी म्हटलं, च्युइंग गमवरून. ते हसले, आणि मग लगेच छताकडे बघायला लागले.

मग या मार्चमध्ये आमची पाळी आली सॉयर धारेवर जायची. आदल्या दिवशी मी गॅरेजमध्ये बूट शोधत होते. माझे सापडेनात म्हणून तुझे ओढले, तर उजव्या बुटात काहीतरी जड लागलं. तुझ्या बाबांचं होकायंत्र. चामड्याच्या खोळीसकट बुटात कोंबून ठेवलं होतंस. मिशिगनहून त्यांच्या सामानाचं खोकं आलं तेव्हा त्यातून तू एवढंच उचललं होतंस, आठवतं? थर्मास मला दिलास, एकच मोजा उरला होता तो टाकू दिला नाहीस, आणि हे स्वतःच्या खिशात घातलंस. ते काढून मी खोळीवरची धूळ बाहीने पुसली. मग विचार केला, बाबांनी सगळा जन्म दुसऱ्यांसाठी दगडांचे नमुने गोळा केले, पोत्यांवर नंबर टाकले, आणि नकाशावर त्यांचं नाव कधी आलं नाही. त्यांचं होकायंत्र तरी माझ्या नकाशाला लागू दे. सकाळी कॉलेजच्या पेटीतून सरांनी प्रत्येकाला एकेक होकायंत्र दिलं. मी माझं घेतलं, पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि कोटाच्या खिशातलं बाबांचं वापरलं.

सेजच्या झुडपांतून दिवसभर धारेवर चढउतार केली. जिथे थर उघडा पडलेला दिसला तिथे होकायंत्र टेकवायचं, तो थर कुठल्या दिशेला पळतोय ते बघायचं आणि नकाशावर त्या दिशेची छोटी रेघ मारायची. वारा असा की नकाशा धरायला तिसरा हात हवा. पण मजा आली. मला वाटत होतं, लायल बाजूला चालतोय आणि सांगतोय, तिकडे बघ, तिकडे. तुझ्या बाबांना मी नावानेच हाक मारायचे, तुला आवडायचं नाही. दुपारी धारेच्या माथ्यावर क्रूझ आणि मी नकाशे शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या रेघा धारेबरोबर वळत गेलेल्या, मेंढ्यांच्या रांगेसारख्या. माझ्या सगळ्या तिरप्या. प्रत्येक रेघ त्याच्या रेघेला छेद देऊन जाणारी. क्रूझ माझ्याकडे बघून म्हणाला, “काकू, तुमचा डोंगर माझ्या डोंगराशी बोलत नाहीये.”

आधी मला हसू आलं. मग, मला जमत नाही, हेच माझ्या मनात आलं. अगदी तुझ्याच शब्दांत, नेरेया. मी नकाशाची घडी करायला लागले. इतक्यात सर आले. त्यांनी माझा नकाशा बघितला, धारेकडे बघितलं, परत नकाशा बघितला. मग माझ्या हातातलं होकायंत्र घेतलं, वळवून बाजूचा तो बारीक स्क्रू बघितला, कडेवरचा आकडा वाचला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी विचारलं, हे कुठून आलं? मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं आहे. शेवटचं काम कुठे होतं त्यांचं? मिशिगनच्या वरच्या भागात, लोखंडाच्या खाणीत. आणि नेरेयाने त्या दिवशी कुठलं वापरलं होतं? मी म्हटलं, हेच असणार, तिच्याच बुटात सापडलं. 

हे तुला मी समजावून सांगायचं म्हणजे कमालच आहे, पण मला नव्याने कळलंय म्हणून सांगतेच. सुई जिथे वळते ती चुंबकाची दिशा. नकाशावरची खरी उत्तर दिशा वेगळी. दोन्हींमधला फरक मुलखागणिक बदलतो, म्हणून तो स्क्रू फिरवून होकायंत्र त्या त्या मुलखाचं करून घ्यावं लागतं. कॉलेजच्या पेटीतली सगळी होकायंत्रं सर स्वतः आधीच लावून ठेवतात, त्यामुळे पोरांना त्याचा विचारच करावा लागत नाही. बाबांनी त्यांचं लावलं होतं मिशिगनसाठी. ते तिथे बर्फात घसरलेल्या गाडीत गेले, खोकं इकडे आलं, आणि होकायंत्र तसंच राहिलं. आपल्या नेवाडात ते सोळा-सतरा अंशांनी चुकतं. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला. तुझा हात चुकत नव्हता गं. त्या दिवशी वर्ग धारेवर पांगला तेव्हा तू एकटीच गेली होतीस, तुझ्या स्वभावाप्रमाणे कुणाला बरोबर न घेता, त्यामुळे शेजारी दुसरा नकाशा ठेवून बघायला कुणी नव्हतं.

परतीच्या वाटेवर सर पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसले. त्या दिवशी काय झालं होतं ते त्यांनी मला सांगितलं, तू कधीच न सांगितलेलं. तुझा नकाशा त्यांनी सगळ्यांसमोर उचलून धरला होता आणि म्हणाले होते, नेरेया, हा तुझा डोंगर आपल्या जिल्ह्यात तरी नाही. सगळी पोरं हसली. तूही हसलीस म्हणे. ते तर त्यांना जास्तच लागलंय आता. मला गाडी चालवताना रस्ता दिसेनासा झाला. गावाच्या कमानीपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, “मी विनोद केला. एवढी हुशार मुलगी एकाच बाजूला का चुकतेय, हे विचारायला हवं होतं.” ज्या भांडणासाठी मी दोन वर्षांपूर्वी निघाले होते ते तिथे करता आलं असतं. पण त्यांच्या बाहीवरचे कॉफीचे डाग दिसले आणि मी गाडी तशीच पुढे हाकली. नंतर घरी येऊन मी उशांना बडवलं, ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या रुंद, उथळ कप्प्यांच्या कपाटातून तुझा नकाशा काढला. तू टाकून गेली होतीस, त्यांनी ठेवला होता. त्यावर ट्रेसिंगचा कागद पसरून त्यांनी तुझ्या तीन-चार रेघा घेतल्या आणि प्रत्येक रेघ तिच्या जागेवरच तेवढ्या अंशांनी फिरवली. तिरप्या रेघा एकदम धारेबरोबर चालायला लागल्या. त्यांनी अजून एक घेतली. तीही बसली. मला तिथे चुनखडकाची पट्टी वळताना दिसली, नेरेया, थरांची ती मोठी घडी दिसली, जी क्रूझच्या नकाशात अर्धवट होती आणि माझ्या नकाशात तर सापडलीच नव्हती. मी पुढ्यातली पेन्सिल उचलली होती, सगळ्याच फिरवून टाकते म्हणून. सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली. बाकीच्या रेघा तिच्या आहेत, म्हणाले.

आता जूनचं सांगते. सरांनी तुला नापास केलेलं नाही. त्या विषयापुढे त्यांनी अपूर्ण असं लिहून ठेवलंय आणि दर वेळी कार्यालयाकडून मुदत वाढवून घेतलीय. बाकीचे सगळे विषय तुझे झालेले आहेत, तेही चांगल्या गुणांनी. मी सल्ल्याच्या बाईंना विचारून खात्री केली. तो एक विषय पुरा झाला की करार तुला लागू होतो आणि रीनोचं तिसरं वर्ष तुझं आहे. पण सर या जूनमध्ये निवृत्त होताहेत. ते गेले की त्यांची सही गेली, आणि त्या अपूर्णचं आपोआप नापास होईल. मग सगळं पहिल्यापासून. तू म्हणशील, मी कुठे मागितलं होतं? नव्हतंस मागितलं. तुला दवाखान्यातली नोकरी खरोखर आवडत असेल तर मी तुझ्या बाजूची आहे आणि हे पत्र इथेच मिटव. पण तू सोडलंस ते तुला जमत नव्हतं म्हणून, असं तू समजून बसली असशील तर ते चूक आहे. मला ते सहन होत नाही. एका स्क्रूपायी माझ्या मुलीने स्वतःला मठ्ठ समजावं हे मला अजिबात सहन होत नाही.

अजून एक राहिलंय. ते सांगताना मला लाज वाटतेय आणि आनंदही होतोय, तू हसू नकोस. मागच्या शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात क्लबाचं दगडांचं प्रदर्शन झालं. तुला आठवतं ना, म्हातारे-म्हाताऱ्या ॲपल पायचा तुकडा हातात घेऊन नकाशांपुढून फिरतात, प्रत्येकापाशी एकेक गार्नेटचा लाल खडा असतो, आणि ज्याचा नकाशा आवडला त्याच्या बरणीत तो टाकतात, आणि ज्याचे खडे जास्त त्याला क्लबाची शिष्यवृत्ती. मी धारेचा नकाशा परत केला होता, कॉलेजच्या होकायंत्राने. टांगला तर होता नकाशा, पण मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बश्या विसळत बसले, बाहेर बघवेना. मग क्रूझ धावत आला आणि म्हणाला, काकू, तुमची बरणी बघा. पुरी भरली नव्हती, पण बाकीच्यांपेक्षा जास्त होती. मामाही आला होता. त्याच्यापाशी क्लबाचा खडा नव्हता म्हणून त्याने खिशातून माझा तोंडी लावायचा खडा काढून बरणीत टाकला. तो मोजला नाही त्यांनी. तर शिष्यवृत्ती मला मिळाली आहे. ऑगस्टमध्ये मी रीनोला चालले. डंपर सोडतेय. या वयात, हो. तू नको म्हणालीस तरी जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उगाच माझ्यासाठी ये किंवा माझ्यासाठी येऊ नको असं काही डोक्यात घेऊ नकोस. तुला जायचं झालं तर विद्यापीठाची, दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती वेगळी आहे, ती तुला बसते, बाईंनी सांगितलंय. आणि आलीस तर मी वर्गात तुझ्यापासून लांब बसेन, ओळखही दाखवणार नाही. जेवायला मात्र एकत्र.

आता खरं कारण. हे सगळं मी फोनवर ओरडून सांगितलं असतं आणि तू ऐकलंही असतंस. पत्र लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, कारण ती बोलायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलत सुटते. सरांनी मला सांगितलं, होकायंत्र इकडचं करून घ्या, एका मिनिटाचं काम आहे. मी ते टेबलावर ठेवलं, बारीक पेचकस घेतला, आणि माझ्याने होईना. तो स्क्रू शेवटचा तुझ्या बाबांच्या बोटांनी फिरवला आहे. त्या माणसाने या जगात हाताने लावून ठेवलेलं तेवढंच काहीतरी अजून जसंच्या तसं आहे, आणि ते मिशिगनकडे बघतंय. मी रोज काढते, बघते आणि परत खोळीत घालते. ते तुझं आहे. मिशिगनवरच ठेवायचं असेल तर ठेव, मी कुणाला हात लावू देणार नाही. फिरवायचं असेल तर तूच फिरव, पण मी शेजारी असताना फिरव. येत्या शनिवारी सकाळी सर आणि मी सॉयर धारेच्या पायथ्याशी, त्या तुटक्या मेंढवाड्यापाशी असू. ते म्हणालेत की एक दिवस धारेवर आणि एक नवा नकाशा, एवढं झालं की ते सही करतील. बॉइझीहून पहाटे निघालीस तर वेळेवर पोचशील. नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही. दुपारपर्यंत थांबेन आणि मामाकडे जेवायला जाईन. तुझे बूट मी घासून पिकअपमध्ये ठेवले आहेत. उजव्याची नाडी तुटली होती, नवी घातली आहे.

तुझीच,
तुझ्या बाकावर बसणारी आणि अजूनही दगड चाटणारी
आई